बिग बँग नेमका झाला कुठे?

यंदा फेब्रुवारीत भाच्याला घेऊन खोडदला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं, तिथून आत दहा-पंधरा किलोमीटरवर खोडद, आणि तिथे शेतांच्या मधेच जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश उभ्या आहेत. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधल्या भागात जवळजवळ आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांसारख्या लांब लांब, कुणाच्या उसाशेजारी, कुणाच्या टोमॅटोशेजारी, पार पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना आत सोडतात, आजूबाजूच्या शाळांची पोरं थर्माकोल आणि पाण्याच्या बाटल्यांचे प्रयोग मांडून बसलेली असतात, आणि एकूण वातावरण जत्रेचं असतं, फक्त पाळणे नाहीत.

भाचेराव सातवीत आहेत. डिश जवळून बघितल्यावर पहिली प्रतिक्रिया, "मामा, ही तर जाळी आहे! कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी." थोडा हिरमोडच झाला त्याचा, त्याला चकचकीत पत्रा अपेक्षित होता. पण गंमत तिथेच आहे ना. ही दुर्बीण प्रकाश बघत नाही, रेडिओ लहरी पकडते, आणि त्या लहरी वीतभर ते काही मीटर लांबीच्या असतात, एवढ्या लांब लहरीला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं भोक दिसतच नाही, तिच्या लेखी तो अख्खा पत्राच. वर वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो, आणि हलका म्हणून स्वस्त. गोविंद स्वरूप नावाच्या माणसाचं हे डोकं, जाळी तारांच्या दोऱ्यांवर ताणून बसवायची. नव्वदच्या दशकात आपल्या देशात, आपल्या बजेटमध्ये, जगातली मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली ती अशा जुगाडामुळे, आणि जुगाड हा शब्द मी इथे पूर्ण आदराने वापरतोय.

तिथून निघालो, नारायणगावात मिसळ खाल्ली, गाडीत बसलो आणि चाकणच्या अलीकडे व्हायचं तेच झालं, ट्रॅफिक. एक किलोमीटरला वीस मिनिटं. अशा वेळी मुलं एकतर झोपतात नाहीतर प्रश्न विचारतात. आमचे झोपले नाहीत.

"मामा, बिग बँग नेमका झाला कुठे?"

मी आपला सहज बोलून गेलो, "इथेच."

"इथे? चाकणला?"

हो म्हटलं, चाकणला. नारायणगावला पण. आणि तुझ्या शाळेत पण. त्याला वाटलं मामा टाइमपास करतोय. पण मी सीरियस होतो, आणि मग पुढचा दीडेक तास जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवतोय, कारण त्याला समजावताना माझ्याच लक्षात आलं की हा प्रश्न मला स्वतःला कित्येक वर्षं चुकीचा कळला होता.

चुकीचा कसा? तर बिग बँगचं, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचं, आपल्या डोक्यात चित्र काय असतं, सगळीकडे काळोख, रिकामी पोकळी, मधे एक टिंब, मग धडाम, आणि मग तुकडे चहूबाजूंना उडतायत, त्यांचेच पुढे तारे आणि ग्रह झाले. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ असेच सुरू होतात, तसाच आवाजही देतात. त्यात मराठीत आपण त्याला नाव दिलं महास्फोट. म्हणजे दिवाळीचा सुतळी बॉम्बच, फक्त मोठा. आणि बॉम्ब म्हटला की तो कुठेतरी फुटलेला असणार, तिथे काळा डाग पडलेला असणार, त्यामुळे "कुठे" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पोरगं बरोबर विचारत होतं, चूक चित्राची होती.

मूळ इंग्रजी नावही काही सिद्धांत मांडणाऱ्यांनी दिलेलं नाही बरं का. फ्रेड हॉईल या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना ते वापरलं, आणि हॉईल या सिद्धांताच्या विरोधातले! विरोधकाने ठेवलेलं नाव मूळ नावासारखं चिकटलं, आपल्याकडे गावात एखाद्याला पडतं तसं. या हॉईलसाहेबांकडे परत येऊ, त्यांचं पुण्याशी जवळचं नातं आहे.

तर चित्र बदलायचं कसं? गाडीत ताईचा केसांचा रबर पडला होता, तो घेतला. भाच्याच्या दप्तरातलं पेन घेऊन रबरावर सारख्या अंतरावर आठ-दहा टिंबं काढली आणि त्याला म्हटलं ताण. ताणल्यावर सगळीच टिंबं एकमेकांपासून लांब जातात. आता यातल्या कुठल्याही एका टिंबावर तू बसलायस असं समज, शेजारचं टिंब थोडं लांब गेलं, त्याच्या पलीकडचं दुप्पट लांब गेलं, तिसरं तिप्पट. म्हणजे जितकं दूर तितकं जास्त वेगाने पळतंय. आणि हे प्रत्येक टिंबाला असंच दिसतं, प्रत्येकाला वाटतं मीच मधे आहे आणि बाकी सगळे माझ्यापासून पळतायत. टिंबं रबरावरून चालत नाहीयेत, रबरच वाढतोय.

हेच आकाशात दिसलं. बेल्जियमचे ज्योर्ज लमेत्र, चर्चचे पाद्री होते हे आणि गणितीही, त्यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावतंय असं काढलं, आणि १९२९ मध्ये एडविन हबल यांनी मोजमापं दाखवली की दीर्घिका खरंच आपल्यापासून दूर जातायत आणि दूरच्या जास्त वेगाने जातायत. दीर्घिका म्हणजे गॅलक्सी, आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक.

"मग रबराचा सेंटर कुठेय?"

तेच तर! रबरावर बोट फिरव आणि सांग. त्याने फिरवलं, परत तिथेच आला. रबरावर सेंटर नाही, सुरुवात नाही, टोक नाही. आता रबर उलटा सोड, म्हणजे फिल्म मागे चालव. सगळी टिंबं एकमेकांच्या जवळ, आणखी जवळ, पार एकमेकांत घुसलेली. त्या क्षणाला चाकणचं टिंब कुठे होतं आणि अमेरिकेचं कुठे? सगळी एकाच जागी, आणि ती एकच जागा म्हणजेच सगळी जागा. म्हणून बिग बँग कुठे झाला तर सगळीकडे झाला, कारण तेव्हा "सगळीकडे" तेवढंच होतं.

(रबराचं उदाहरण शंभर टक्के बरोबर नाही हे मलाही माहिती आहे. रबर गोल आहे, विश्व तसं गोल वळून स्वतःलाच मिळतं असं काही मोजमापांतून दिसलेलं नाही, उलट आजवरच्या मापांत ते सपाटच निघालंय आणि कदाचित अनंत असेल. अनंत असेल तर सुरुवातीलाही अनंतच असणार, फक्त खचाखच भरलेलं. पण हे बारावीनंतर सांगेन असं ठरवलं.)

पुढचा प्रश्न अर्थातच, "मग मी पण ताणला जातोय?" नाही रे बाबा. तू, ही गाडी, पृथ्वी, सूर्यमाला, अख्खी आकाशगंगा, हे सगळं आपापल्या बळांनी घट्ट बांधलेलं आहे, तिथे प्रसरण चालत नाही. शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय. ताण जाणवतो तो दीर्घिकांच्या समूहांमधल्या प्रचंड मोकळ्या जागेत. "मग तुझं पोट?" ते मिसळीने.

हे सगळं ऐकून तो म्हणाला, ठीके, पण हे कुणी बघितलंय का? रबर तू ताणलास, आकाश कुणी ताणताना बघितलं? हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर आम्ही नुकतंच बघून आलो होतो. म्हटलं कंपासमधली पट्टी काढ. पंधरा सेंटिमीटरची निघाली, चालेल.

विश्वात सगळ्यात जास्त काय असेल तर हायड्रोजन. आणि हायड्रोजनच्या अणूतून एक ठराविक रेडिओ लहर निघते, तिची लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे या पट्टीपेक्षा सहा सेंटिमीटर जास्त. चाकणचा हायड्रोजन असो नाहीतर दुसऱ्या टोकाचा, लहर २१ चीच निघणार, यात फेरफार नाही. आता २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती, आपण आत्ता बघून आलो त्याच खोडदच्या दुर्बिणीने एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडला. तो इथे पोचला तेव्हा लहरीची लांबी होती ४८ सेंटिमीटर. निघताना २१, पोचताना ४८. वाटेत लागली सुमारे ८८० कोटी वर्षं, आणि तेवढ्या काळात मधली जागा ताणली गेली सव्वादोन पटीहून जास्त, तर तिच्यातून येणारी लहरही तेवढीच ताणली गेली. रबरावर पेनाने रेघ मारून रबर ताणला तर रेघ लांब होते ना, तसं. सिग्नल इतका अशक्त होता की मधे दुसरी एक दीर्घिका आडवी आली आणि तिच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम करून तो तीसेक पट मोठा केला म्हणून तो सापडला. हे मी जेवढ्या वेळा वाचतो तेवढ्या वेळा मला खुळ्यासारखं हसू येतं. टोमॅटोच्या शेतात बसून, कोंबड्यांच्या जाळीने.

त्याने पट्टीवर बोटं ठेवून २१ आणि ४८ चा अंदाज घेतला, पट्टी पुरली नाही, मग सीटवरच मोजलं. ट्रॅफिक तसूभरही हललं नव्हतं.

आता खरी भारी गोष्ट. दीर्घिका लांब जातायत एवढ्यावरून बिग बँग सिद्ध होत नाही. हॉईल आणि त्यांच्या दोन साथीदारांनी १९४८ मध्ये वेगळंच उत्तर दिलं होतं, विश्व प्रसरण पावतंय हे खरं, पण मधे पडलेल्या जागेत नवीन पदार्थ अगदी थोडा थोडा तयार होत राहतो, त्यामुळे विश्व कायम तसंच दिसतं, त्याला सुरुवातच नाही. स्थिर स्थिती सिद्धांत. आणि हे वेडगळ नव्हतं हं, कारण हबल यांचा प्रसरणाचा आकडा तेव्हा इतका चुकलेला होता की त्यावरून विश्वाचं वय पृथ्वीपेक्षा कमी येत होतं. आई मुलीपेक्षा लहान! मग लोक दुसरी वाट शोधणारच.

निकाल लावला तो कबुतरांच्या शिटेने. म्हणजे अगदी तसंच नाही, पण सांगतो. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये होल्मडेल नावाचं गाव आहे, तिथे बेल लॅब्जचा एक मोठा कर्ण्यासारखा अँटेना होता, मुळात उपग्रहाच्या कामासाठी बांधलेला. १९६४ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे त्यावर आकाशगंगेतल्या रेडिओ लहरी मोजायला बसले आणि त्यांना एक खरखर ऐकू यायला लागली, जायचं नावच नाही. न्यूयॉर्क शहराकडे तोंड केलं तरी तेवढीच, उलट केलं तरी तेवढीच, दिवसा तेवढी, रात्री तेवढी, ऋतू बदलले तरी तेवढीच. आत बघितलं तर कबुतरांच्या जोडीने घर केलेलं आणि सगळीकडे त्यांची कृपा. दोघांनी कबुतरं पकडून कंपनीच्या टपालाने दुसऱ्या गावी पाठवली, ती परत आली, मग शेवटी बिचारी मारली गेली. अँटेना घासूनपुसून लख्ख केला. खरखर तश्शीच.

तिथून पन्नासेक किलोमीटरवर प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांची टीम नेमकी हीच खरखर शोधायला यंत्र बांधत होती! त्यांचं म्हणणं, विश्व सुरुवातीला भयंकर गरम असेल तर त्या उष्णतेचा उजेड अजून शिल्लक असायला हवा, ताणून ताणून थंड झालेला, सगळ्या दिशांनी सारखा येणारा. फोनाफोनी झाली आणि डिकी यांच्या लक्षात आलं की आपल्या हातातून गेलं. १९६५ मध्ये दोन्ही गटांचे लेख शेजारी शेजारी छापून आले, १९७८ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना नोबेल मिळालं. ज्यांना मिळालं नाही ते म्हणजे राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन, ज्यांनी १९४८ मध्येच गणिताने सांगितलं होतं की असा उजेड उरला असणार, तापमान पाचेक केल्विन (म्हणजे उणे २७३ अंशांपासून वर मोजलेले अंश) असेल, आणि कुणी लक्षच दिलं नव्हतं. मला या दोघांचं फार वाईट वाटतं. कबुतरांच्या खालोखाल.

आता हा उजेड म्हणजे काय ते सांगायला माझ्याकडे माळशेज घाट होता, भाचा दरवर्षी जुलैमध्ये तिकडे जातो. धुक्यात हेडलाइट लावला तर काय होतं, उजेड पुढे जातच नाही, सगळीकडे पांढरं. विश्व सुरुवातीला तसं होतं. इतकं गरम की इलेक्ट्रॉन मोकाट, अणूत बसायला तयार नाहीत, आणि प्रकाश दर पावलाला त्यांच्यावर आपटून भरकटायचा. विश्व प्रसरण पावलं तसं थंड होत गेलं आणि साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० केल्विनच्या आसपास आलं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेपेक्षा थोडंसंच जास्त. तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंमध्ये जाऊन बसले आणि धुकं एकदम हटलं. प्रकाश मोकळा सुटला तो आजतागायत चाललाय. तेव्हापासून विश्व ११०० पट ताणलं गेलं, म्हणून तो पिवळट-तांबूस उजेड आता मायक्रोवेव्ह झालाय आणि तापमान उरलंय २.७ केल्विन, म्हणजे शून्याखाली २७० अंश.

आणि तो फक्त लांब आकाशात नाहीये. म्हटलं हात पुढे कर, चिमटीत साखरेच्या खड्याएवढी, एक घन सेंटिमीटर जागा धर. त्या चिमटीत या क्षणाला त्या उजेडाचे ४०० च्या वर कण आहेत. गाडीत, डब्यात, तुझ्या नाकपुडीत. ते नुसते तिकडून आलेले पाहुणे नाहीत, चाकणच्या या जागेतही एके काळी तेच धुकं होतं, तिथून सुटलेला उजेड आज आणखी कुठेतरी कुणाच्या तरी दुर्बिणीत शिरत असेल. म्हणून मी म्हटलं, इथेच झाला.

आमच्या लहानपणी टीव्हीला केबल नव्हती, चॅनल लागलं नाही की मुंग्या यायच्या, काळ्यापांढऱ्या. त्या मुंग्यांमध्ये शंभरातली एखादी मुंगी या उजेडाची असायची. अख्खी पिढी रविवारी गच्चीवर चढून अँटेना फिरवत "आलं का? गेलं! आलं का?" ओरडत होती आणि विश्वाच्या जन्माचा सिग्नल नको म्हणून हाकलत होती. भाच्याला मुंग्या माहीतच नाहीत. सेटटॉप बॉक्सवर निळा पडदा येतो.

या उजेडाबद्दल एक गोष्ट मलाही उशिरा कळली. जो उजेड आज आपल्याला दिसतो तो जिथून निघाला ती जागा तेव्हा आपल्यापासून जेमतेम चार कोटी प्रकाशवर्षांवर होती. मग पोचायला १३८० कोटी वर्षं का लागली? कारण तो आपल्याकडे चालत होता आणि मधला रस्ता लांबत होता. भाचा म्हणाला, म्हणजे नारायणगाव ते पुणे. मला आणखी काही समजवावं लागलं नाही. आणि ती जागा आज आहे सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणून विश्वाचं वय १३८० कोटी असूनही दिसणारं विश्व त्याहून कितीतरी मोठं आहे.

आता हॉईल. त्यांचा विद्यार्थी कोण, तर आपले जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्म, केंब्रिजला हॉईल यांच्या हाताखाली संशोधन, १९६४ मध्ये हॉईल-नारळीकर सिद्धांत, १९७२ ला परत येऊन मुंबईत टीआयएफआर ही संशोधनसंस्था, १९८८ ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. आमच्या पिढीच्या निम्म्या लोकांना ब्लॅक होल हा शब्द त्यांच्या मराठी विज्ञानकथांमुळे कळला. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांसोबत एकाने लिहिलं, "बघा, नारळीकरांनाही बिग बँग मान्य नव्हता, सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं." मला राहवलं नाही आणि मी उत्तर टाइप करायला घेतलं, मग बायको म्हणाली सोड, म्हणून सोडलं. ते इथे लिहितो.

मान्य नव्हता हे खरं आहे. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला, विश्व एका मोठ्या क्षणी जन्मलं नाही, लहान लहान निर्मितीचे प्रसंग होत राहतात आणि विश्व आकुंचन-प्रसरण पावत राहतं. कबुतरवाल्या उजेडाचं त्यांचं स्पष्टीकरण असं की तो ताऱ्यांचाच उजेड आहे, लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांसारख्या धुळीने शोषून परत बाहेर टाकलेला. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नाही, कारण त्या उजेडाची मापं उपग्रहांनी जसजशी बारीक घेतली तसतशी ती गरम सुरुवातीच्या हिशोबाशी जुळत गेली. पण नारळीकरांचा विरोध ग्रंथांच्या आधारावर नव्हता, गणिताच्या आधारावर होता, आणि फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेऊन ते नापास झालं हे जाहीर सांगणारा माणूस होता तो. त्यांचं नाव फॉरवर्डला चिकटवताना लाज वाटायला हवी. शिवाय ऋग्वेदातलं नासदीय सूक्त एकदा वाचून तरी बघा, ते शेवटी उत्तर देत नाही, कुणाला माहीत असं विचारून थांबतं. मला ते त्यासाठीच आवडतं.

आणि यातली सगळ्यात भारी पुणेरी गोष्ट ही की जाळीवाले गोविंद स्वरूप. खोडदच्या आधी त्यांनी उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांब दुर्बीण बांधली होती, १९७० मध्ये चालू झाली. चंद्र दूरच्या रेडिओ स्रोतांच्या समोरून जाताना त्यांची मापं घ्यायची हे तिचं काम, आणि त्या मापांवरून सत्तरच्या दशकात स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं की विश्व काळाप्रमाणे बदलत आलंय, म्हणजे स्थिर स्थितीच्या विरुद्ध आणि बिग बँगच्या बाजूने पुरावा. म्हणजे एकाच टीआयएफआरमध्ये एक माणूस सिद्धांत मांडतोय आणि दुसरा त्याच्या विरुद्ध पुरावा देतोय, पुढे दोघांच्याही संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, नारळीकरांची आयुका आणि स्वरूप यांचं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए. भिंतीला भिंत लावून मतभेद. सोसायटीतल्या पार्किंगवरून कोर्टात जाणाऱ्या शहरात हे घडलं.

चाकण सुटलं एकदाचं. मोशीपर्यंत गाडी पळाली आणि प्रश्नही.

पाण्याची बाटली त्याच्या हातात होती. म्हटलं या पाण्यातला ऑक्सिजन कुठल्यातरी ताऱ्याच्या पोटात बनला, पण हायड्रोजन ताऱ्यात बनलेला नाही, तो थेट सुरुवातीचा. पहिल्या काही मिनिटांत विश्व अणुभट्टीसारखं होतं, तेव्हा हायड्रोजनच्या केंद्रकांतून हेलियमची केंद्रकं शिजली, आणि विश्व थंड झाल्यामुळे भट्टी मधेच विझली. वजनाने साधारण तीन भाग हायड्रोजन, एक भाग हेलियम, असं प्रमाण निघायला हवं असं गणित सांगतं आणि जिथे मोजाल तिथे साधारण तेवढंच निघतं. बिग बँगच्या बाजूचा हा माझा सगळ्यात आवडता पुरावा आहे, रेसिपी आणि भाजी दोन्ही जुळतात.

हेलियम ऐकल्यावर भाचा एकदम खुश, कारण ताईचं सासर देवगडकडचं. "हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गात लागला!" तिकडे दर १८ ऑगस्टला तो साजरा करतात, किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात. इथे माझी पंचाईत झाली, कारण हेलियमचा माग लागला त्या १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी हे साहेब, म्हणजे नॉर्मन लॉकयर, इंग्लंडमध्येच होते, फ्रान्सचे जान्सन आंध्रात गुंटूरला होते, आणि लॉकयरनी सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच बघितली. लॉकयर विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. म्हणजे साहेब आले होते हे खरं, पण तारीख गडबडलीये. हे मी त्याला सांगितलं तर खरं, पण त्याच्या आजोबांसमोर बोलायचं नाही असंही सांगितलं.

शेवटचा प्रश्न भोसरीच्या पुलावर. "बिग बँगच्या आधी काय होतं?"

माहीत नाही. मलाच नाही, कुणालाच नाही. पहिल्या काही मिनिटांचं आपण बऱ्यापैकी खात्रीने बोलतो, पहिल्या सेकंदाच्या बारीक तुकड्यांबद्दल अंदाज आहेत, त्यातला एक म्हणजे विश्व सुरुवातीला क्षणार्धात अफाट फुगलं, पण त्याच्याही मागे गेलं की आइन्स्टाइनची समीकरणं हात टेकतात. "आधी" या शब्दाला तिथे अर्थ आहे का हेच ठरलेलं नाही. आणि जे नंतरचं आहे तेही सगळं कळलंय असं नाही, ज्या पदार्थाचे तारे, झाडं, मिसळ आणि आपण बनलोय तो विश्वात पाचेक टक्के, बाकी डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी, म्हणजे नाव ठेवलंय, ओळख झालेली नाही. त्याला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. "मग परीक्षेत काय लिहायचं?" परीक्षेत विचारणार नाहीत म्हटलं.

घरी पोचायला साडेनऊ झाले. ताई स्वयंपाकघरात होती, सकाळपासून पाहुणे येऊन गेलेले, ओट्यावर भांड्यांचा डोंगर, सिंकमध्ये दुसरा, जमिनीवर पिठाचा डबा उघडा. भाचा बूट न काढता आत पळाला आणि तिला म्हणाला, "आई, मामा म्हणतो बिग बँग आपल्या किचनमध्ये झाला."

तिने एकदा ओट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तरीच एवढा पसारा."